वाईतलं एक मेडिकल: साडेचार तारे

परवा भाच्याने मोबाइलवर दाखवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे मेडिकल आहे, त्याला कुणीतरी पाचपैकी एक तारा दिलाय. खाली लिहिलंय, 'चिठ्ठीशिवाय साधी डोकेदुखीची गोळी देत नाहीत. वर लेक्चर. उद्धट माणूस.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मलाही त्यांनी गोळी नाकारली होती, 26 जून 2020 ला, आणि मीही घरी येऊन याहून वाईट शब्द वापरले होते. म्हणून हे लिहायला बसले. दुकानाचं नाव घालू का, असं मेडिकलवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "नको ताई. गर्दी झाली तर सुट्टे कुठून आणू?" सुट्ट्यांचा विषय त्यांनी स्वतःहून काढला, त्याच्याकडे मी शेवटी येणारच आहे.

आधी माझं दुखणं सांगते, नाहीतर एका मेडिकलवर एवढं काय लिहायचं असं वाटेल. मला क्रॉनिक मायग्रेन आहे. सासूबाई अर्धशिशी म्हणतात. शब्द छान आहे, पण अर्धशिशी म्हटलं की लोकांना वाटतं, कधीमधी डोकं धरतं, सुंठ उगाळून कपाळाला लावली, जरा पडलं की झालं. क्रॉनिक म्हणजे महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखणं, तेही तीन महिन्यांहून जास्त काळ, आणि त्यातले निदान 8 दिवस अस्सल मायग्रेनचे. 2018 मध्ये माझे महिन्याला 22 भरायचे. मी पतसंस्थेत कॅशवर बसते. डोक्यावर ट्यूबलाइट, समोर काच, आणि हातात नोटा. जुन्या नोटांच्या बंडलाला एक वास असतो, घामाचा आणि तंबाखूचा मिळून. चांगल्या दिवशी तो कळतही नाही. वाईट दिवशी बंडल सोडलं की पोटात ढवळायला लागतं.

तीन औषधं करून झाल्यावर पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी बोटॉक्स सुचवलं. हो, तेच, सुरकुत्यांचं. मायग्रेनसाठी दर 12 आठवड्यांनी 31 ठिकाणी टोचतात, एका जागी 5 युनिट, एकूण 155. कपाळ, भुवयांच्या मध्ये, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. मी टोचण्या नोटा मोजल्यासारख्या मोजते. एकदा मॅडम 30 वर थांबल्या तर मी म्हटलं, एक कमी आहे. होतीच. खर्च बराच आहे, म्हणून मी आमच्याच पतसंस्थेत त्याच्यासाठी आवर्ती ठेव काढली. घरात तिला 'डोक्याची आरडी' म्हणतात.

पहिलं इंजेक्शन 2 फेब्रुवारी 2019 ला घेतलं. वर्ष संपेपर्यंत 22 वरून 9 दिवसांवर आले. आणखी एक गंमत झाली. कपाळ गुळगुळीत झालं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईच्या कपाळाला आता आठी म्हणून पडत नाही, काहीही बोला." आणि बोलायच्या.

पाचवं इंजेक्शन 4 जानेवारी 2020 ला झालं. पुढचं 28 मार्चला, शनिवारी. 25 मार्चपासून देश बंद.

हॉस्पिटलातून फोन आला की तातडीचं नसलेलं सगळं पुढे ढकललंय. किती पुढे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी रागावले नाही. ज्या मजल्यावर मी टोचून घ्यायचे तिथे आता कोविडचे बेड लागत होते, त्यात माझ्या 31 टोचण्या कुठे बसणार? त्याच आठवड्यात मुलाचा दहावीचा भूगोलाचा पेपरही राहिला, तो पुढे रद्दच झाला. एकाच घरात दोन गोष्टी रद्द झाल्या होत्या, आणि खूष फक्त एक जण होता.

ज्यांना हे इंजेक्शन चालतं त्यांना माहीत असेल, ते एका दिवसात उतरत नाही. आधी मान जड होते. मग सकाळी उठताना कानशिलात ठोके. एप्रिलच्या मध्याला मी आरशात पाहिलं तर दोन भुवयांच्या मध्ये ती जुनी उभी आठी परत आली होती. मला कॅलेंडर बघायची गरज पडली नाही. मेमध्ये महिन्याचे 19 दिवस.

आणि पतसंस्था चालूच होती. बँका आणि पतसंस्था अत्यावश्यक, घरी बसून कॅश मोजता येत नाही. काउंटरवर सॅनिटायझरची बाटली, येणारा प्रत्येक जण दोनदा दाबणार. वासाने डोकं उठणाऱ्या बाईला ज्या वर्षी नोकरी करायची पाळी यायला नको ते वर्ष म्हणजे 2020.

आता मेडिकल. दुकान म्हणाल तर दहा बाय बारा. लॉकडाउनमध्ये शटर अर्धं खाली, पुढे छातीइतक्या उंचीवर नायलॉनची दोरी, रस्त्यावर फक्कीने आखलेले चौकोन. पैसे स्टीलच्या ताटात टाकायचे. काका ते भाकरीच्या चिमट्याने उचलायचे. ताटाशेजारी सॅनिटायझर होतंच. पहिल्या आठवड्यात मी हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. काही बोलले नाही मी. दुसऱ्या दिवशी पायरीवर पाण्याची बादली, तांब्या आणि सोललेल्या खोबऱ्याएवढा लाल साबणाचा तुकडा. "ताई, तुम्ही याने धुवा." नंतर निम्मी गल्ली त्याच साबणाने हात धुवायला लागली, सॅनिटायझरचे पैसे वाचले म्हणून काका खूष.

पण खरी गोष्ट वहीची आहे. उधारीची लांबडी वही असते ना, लाल कापडी पुठ्ठ्याची, तसली. मार्चच्या शेवटी त्यांनी कायमची औषधं घेणाऱ्यांची त्यात एकेक पान काढलं. बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स, आणि एक मी. पानावर नाव, औषधाचं मूळ नाव, किती ताकदीचं, शेवटची पट्टी कधी नेली आणि ती कोणत्या तारखेला संपणार. ही शेवटची तारीख लाल पेनाने. साताऱ्याच्या स्टॉकिस्टची गाडी कधी येणार याचा भरवसा नव्हता, त्यामुळे ते चार-पाच दिवस आधीच फोन करून मागवायचे आणि मला निरोप, "तुमची 14 ला संपते, 11 ला येऊन जा."

मी तेव्हा प्रोप्रॅनोलॉल घेत होते, मूळची बीपीची गोळी, मायग्रेन रोखायलाही देतात. 40 मिलिग्रॅमची, दिवसभर हळूहळू सुटणारी. ही गोळी मनाला येईल तशी एकदम बंद करायची नसते. एप्रिलमध्ये नेहमीच्या कंपनीची आलीच नाही. काकांनी दुसऱ्या कंपनीची दिली. नाव वेगळं, रंग वेगळा, पट्टीचा आकार वेगळा. मी घाबरले. त्यांनी पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. चष्मा नव्हता, तर स्वतःचा दिला. मग वहीतलं माझं पान पुढे केलं: तेच नाव, तेच 40. "वरचं नाव कंपनीचं असतं ताई, खालचं औषधाचं." डॉक्टरांच्या इतक्या फेऱ्या झाल्या, हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमचा व्हिडिओ कॉल 8 एप्रिलला झाला. सरकारने फोनवरून तपासणीचे नियम 25 मार्चलाच काढले होते, जुन्या पेशंटला व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी पाठवता येत होती. त्या सेवेबद्दलही लिहायला हवं, कारण तुलना त्यातूनच होते. मॅडम स्वतः उत्तम. पण वीस मिनिटांच्या कॉलमध्ये सात मिनिटं 'आवाज येतोय का', आणि पडद्याकडे एकटक बघून मायग्रेनबद्दल बोलायचं म्हणजे चुलीशेजारी बसून चटक्याबद्दल बोलायचं. मी शेवटी मोबाइल पालथा ठेवून बोलले. मॅडमना वीस मिनिटं आमच्या टेबलाची फॉर्मायका दिसली असेल. त्यांनी टोपिरामेट सुरू केली, मूळची फिट्सची गोळी, मायग्रेन रोखायलाही देतात. 25 पासून, हळूहळू वाढवत.

चिठ्ठीचा फोटो काकांना दाखवला तर पहिली प्रतिक्रिया, "फोटोवर औषध? असं कुठं असतं?" मग केमिस्टांच्या ग्रुपवर विचारलं, नियम वाचला, आणि मोबाइलवरची चिठ्ठी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतली. देताना सांगितलं, पाणी भरपूर प्या, खडे होऊ शकतात. बोटांना मुंग्या येतील, घाबरू नका. सोड्याची चव गेली तरी घाबरू नका. मुंग्या आल्याच. कॅशवर बसणाऱ्या बाईच्या बोटांना मुंग्या. शंभराचं बंडल तीनदा मोजायचे, तीनदा वेगळा आकडा. मशीनवर मोजलेलं मला पटत नाही, पण ते तीन महिने पटवून घेतलं.

मधल्या काळात मी एक औषधांचं ॲपही करून पाहिलं. एप्रिलमध्ये वाईचा पिनकोड टाकला की 'आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही'. ऑगस्टमध्ये उपलब्ध झाली, सवलत चांगली होती, औषध आलं 50 ऐवजी 25 चं. तक्रार करायला एका यंत्राशी गप्पा माराव्या लागल्या. त्या यंत्राने माझी तीनदा क्षमा मागितली आणि गोळ्या काही बदलल्या नाहीत.

आता 26 जून.

इंजेक्शन उतरल्यावर दुखणं थांबवायला मी काय करत होते? अर्गोटामाइन आणि कॅफिनवाली गोळी घेत होते. जुनी, स्वस्त, चटकन काम करणारी. मॅडमनी पूर्वीच्या चिठ्ठीत 'लागल्यास' म्हणून लिहिलेली. एप्रिलमध्ये आठवड्याला एक लागली, मेमध्ये तीन-चार, जूनमध्ये मी सकाळी दात घासायच्या आधी एक घ्यायला लागले, दुखायच्या आधीच, दुखेल म्हणून. त्या दिवशी डोळ्यांपुढे ऊन नाचत होतं, मास्कच्या इलॅस्टिकने कान कापत होते, आणि माझ्या मागच्या चौकोनात ओळखीच्या दोन बायका. मी म्हटलं, "काका, एक पट्टी द्या."

त्यांनी वही उघडली. चष्म्यावरून बघितलं. "4 जूनला एक. 11 ला एक. 17 ला एक. आज 26. ही मी देणार नाही."

"माझं डोकं दुखतंय काका, तुमचं नाही."

"म्हणूनच. महिन्यात दहा दिवसांच्या वर ही गोळी घेतली तर गोळीच डोकं दुखवते. मॅडमना फोन लावा. त्या म्हणाल्या तर पाच पट्ट्या देतो."

हे सगळं मोठ्याने, कारण मास्क, कारण दोरीच्या पलीकडून, आणि कारण काकांना हळू बोलता येत नाही. मागच्या दोघींनी व्यवस्थित ऐकलं. संध्याकाळपर्यंत मी गोळ्या खाते हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. मी तशीच निघाले, मंडईकडच्या दुसऱ्या दुकानात गेले आणि तिथे दोन पट्ट्या मिळाल्या, एक शब्द न विचारता. हसून दिल्या. त्या दिवशी तारे द्यायला सांगितले असते तर त्या दुकानाला मी पाच दिले असते.

त्यातली एक संपली तेव्हा पाचवा दिवस होता, आणि डोकं एका मिनिटासाठीही थांबलं नव्हतं. 2 जुलैला मॅडमशी बोलले. गोळ्यांची डायरी मी ठेवलीच नव्हती. मॅडमनी विचारलं, जूनमध्ये किती? मी म्हटलं, आठवत नाही. मग मला माझ्याहून चांगला हिशेब ठेवणारा माणूस आठवला. मी मोबाइल घेऊन दुकानात गेले, काकांनी वहीचं पान कॅमेऱ्यापुढे धरलं, आणि दुसऱ्या दुकानाच्या दोन पट्ट्या मी माझ्या तोंडाने सांगितल्या. काका काही बोलले नाहीत. पेन घेतलं, आणि त्या दोन पट्ट्याही पानावर लिहिल्या, तारखेसकट.

मॅडम म्हणाल्या ते काकांनी सांगितलं होतं त्याच्याच पुढचं. अर्गोट, ट्रिप्टान (मायग्रेन थांबवायच्या दुसऱ्या गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, साधं पॅरासिटामॉल 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधाच्या अतिवापराची वेगळी डोकेदुखी सुरू होते. उपाय एकच, ती गोळी बंद. दोन आठवड्यांसाठी नेप्रॉक्सेन ही वेगळी वेदनाशामक गोळी दिली, टोपिरामेट वाढवत 100 वर नेली. ते दोन आठवडे मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की 14 ते 23 जुलै पुण्यात पुन्हा कडक लॉकडाउन होता आणि ती बातमी मी अंधाऱ्या खोलीत, ओला टॉवेल डोळ्यांवर घेऊन फक्त ऐकली. महिना संपला तेव्हा 19 चे 14 झाले होते, इंजेक्शनशिवाय.

पुण्याला जायची धडपड चालूच होती. जिल्ह्याबाहेर जायच्या ई-पाससाठी मुलाने दोनदा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात एकदा 'वैद्यकीय', एकदा 'वैद्यकीय, अत्यावश्यक'. दोन्ही नामंजूर. शिरवळच्या पुढे नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा. वाईहून ते अंतर किती, तर आमचे हे पूर्वी तिकडे मिसळ खायला जायचे. 20 ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर सुरू झाली आणि मी 5 सप्टेंबरची वेळ घेतली. बाकाला एक माणूस, खिडक्या सताड उघड्या, खंबाटकी घाटात पाऊस आत. 12 आठवड्यांचं इंजेक्शन मी 35 आठवड्यांनी घेतलं. मोजल्या. 31 होत्या.

एका इंजेक्शनने मागचं भरून आलं नाही, हेही सांगायला हवं. 28 नोव्हेंबरचं झाल्यावर फरक दिसायला लागला, 20 फेब्रुवारी 2021 नंतर पुन्हा 10 दिवसांवर आले. पुढची तारीख 15 मे. काकांच्या वहीत ती लिहिलेली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "ताई, पुन्हा बंद होणार असं दिसतंय. महिन्याच्या ज्यादा घेऊन ठेवा. दोन महिन्यांच्या मागू नका, बाकीच्यांनाही लागतात." 22 एप्रिलला जिल्हाबंदी लागली. माझं इंजेक्शन 12 जूनवर गेलं, चार आठवडे उशिरा. पण या वेळी मॅडमशी आधीच बोलून ठेवलं होतं, अर्गोटची पट्टी घरात नव्हती, आणि आठी आली तरी 19 दिवस आले नाहीत.

त्या मेमध्ये काकांनाच कोविड झाला. दुकान सतरा दिवस बंद. त्यांच्या सूनबाई फार्मसी शिकलेल्या आहेत. त्यांनी वही घरी नेली आणि लाल तारखा बघून एकेकाला फोन केले, कुणाला काय कुठून मिळेल ते सांगायला. मला फोन आला तेव्हा मागून खोकल्याचा आवाज आणि काकांची सूचना ऐकू येत होती, "पाणी पिते का विचार."

आता उणी बाजू. अर्धा तारा मी कापलाय, आणि तो गोळी नाकारली म्हणून नाही.

एक म्हणजे आवाज. कुणाला काय झालंय हे गल्लीला कळू नये असं त्यांना कधी वाटतच नाही. मूळव्याधीचं मलम मागायला माणसं पलीकडच्या आळीत जातात. अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट आहे. दुपारी बातम्या लावून ठेवतात आणि त्यावर स्वतःची टिप्पणी, ती ऐकल्याशिवाय पिशवी हातात पडत नाही.

आणि सुट्टे. दोन रुपये परत द्यायचे असले की खोकल्याच्या दोन गोळ्या हातावर ठेवतात. मी पतसंस्थेत बसते, माझ्याकडे कुणी खोकल्याच्या गोळ्यांत हप्ता भरला तर चालेल का? हे मी त्यांना 2020 पासून सांगतेय. गेल्या महिन्यात मी घरातल्या साठलेल्या सत्तावीस गोळ्या मोजून नेल्या आणि ताटात टाकल्या. काकांनी त्याही मोजल्या, एक ओली झालीय म्हणून परत दिली, आणि बाकीच्या सव्वीसचे सव्वीस रुपये बिलातून वजा केले.

दुपारी दीड ते साडेचार बंद असतं. रविवारी संध्याकाळी उघडत नाहीत. चिठ्ठी न्या, आणि सुट्टे न्या.